प्रबंधातलं हे वाक्य नेमकं कोणाचं?

रानजाई

नमस्कार. इथे दोन-तीन वर्षं नुसती वाचते आहे, लिहायचं धाडस आज पहिल्यांदा करते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते आहे. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या १९७२-७३ च्या दुष्काळी कामांवरच्या स्त्रिया. प्रबंध मराठीत लिहायचा आहे. आष्टी आणि पाटोदा तालुक्यांत फिरून ३४ म्हाताऱ्या बायकांशी बोलले. कोणी खडी फोडायला होत्या, कोणी नाला बांधावर, कोणी पाझर तलावाच्या मातीकामावर. माझी आजीही त्यांच्यातलीच एक. मुलाखती घेताना एकदाही कंटाळा आला नाही. पण लिहायला बसले की हात जड होतो.

पहिलं प्रकरण गेल्या महिन्यात सरांकडे दिलं, ते काल परत आलं. ४२ पानं. कुठे काही खोडलेलं नाही, शुद्धलेखनाच्या खुणा नाहीत. फक्त समासात पेन्सिलीने जागोजागी एकच प्रश्न: 'हे वाक्य कोणाचे?' मी मोजलं, ५७ वेळा. फोन केला तर म्हणाले, 'आधी तुम्ही स्वतः शोधा, मग बसू.' रागावलेले नव्हते, पण पुढे काही सांगितलंही नाही.

काही ठिकाणी कळलं, संदर्भ द्यायचा राहिला आहे. पण काही वाक्यं तर माझीच आहेत, तिथेही तोच प्रश्न. नमुन्यादाखल सुरुवातीचा परिच्छेद देते:

'भारत हा कृषिप्रधान देश आहे. येथील शेती मान्सूनच्या पावसावर अवलंबून आहे, हे सर्वश्रुत आहे. १९७२ साली महाराष्ट्रावर दुष्काळाचे भीषण सावट पसरले. बळीराजा हवालदिल झाला. अशा परिस्थितीत शासनाने रोजगार हमी योजनेची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू केली व त्यामुळे लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला, असे म्हटले जाते. या कामांमध्ये स्त्रियांचेही योगदान मोलाचे होते, हे नाकारता येणार नाही.'

मनापासून विचारते आहे. स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

पाणपोई

विषय वाचूनच बरं वाटलं. आमच्या घरात अजून 'मिलो खाऊन दिवस काढले' असं म्हणतात. लाल मिलोच्या (दुष्काळात परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीची आठवण आत्या आजही काढते. हे कोणीतरी नीट लिहून ठेवायलाच हवं होतं.

परिच्छेदाबद्दल माझ्यापुरतं सांगते. मी दहावीला मराठी शिकवते आणि ही सुरुवात मी दरवर्षी शंभर उत्तरपत्रिकांत वाचते. दोष तुमचा नाही. आम्हीच शिकवतो की निबंधाची सुरुवात मोठ्या वाक्याने करा, एक शब्द दोनदा वापरू नका, शेतकऱ्याला एकदा बळीराजा म्हणा, एकदा जगाचा पोशिंदा. परीक्षेत त्याला गुण मिळतात आणि ती सवय हाताला बसते. प्रबंधात मात्र 'मजूर', 'श्रमिक', 'कामगार', 'कष्टकरी' असे चार शब्द एकाच पानावर आले तर वाचणाऱ्याला वाटतं, हे चार वेगळे गट आहेत. एक शब्द धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. कानाला एकसुरी वाटेल, वाटू द्या.

जुनी_वही

रानजाई, तुमचे सर चांगले आहेत. ५७ ठिकाणी एकच प्रश्न लिहायला ४२ पानं शब्दन् शब्द वाचावी लागतात.

मी निवृत्त आहे. समाजशास्त्र शिकवलं, बरीच वर्षं बहिःस्थ परीक्षक म्हणून प्रबंध वाचले. परीक्षक प्रबंध कसा वाचतो ते आधी सांगतो, कारण ते कोणी विद्यार्थ्याला सांगत नाही. मी आधी अनुक्रमणिका बघतो, मग थेट शेवटचं निष्कर्षाचं प्रकरण, मग संदर्भसूची. त्यानंतर मधलं एखादं प्रकरण कुठूनही उघडून दहा पानं. तोवर प्रबंधाची प्रकृती कळलेली असते. पहिल्या पानापासून वाचणं त्यानंतर सुरू होतं.

निष्कर्ष वाचताना मी स्वतःला एकच विचारतो: हे वाक्य गावात न जाता, दप्तर न उघडता लिहिता आलं असतं का? 'स्त्रियांचे योगदान मोलाचे होते' हे घरी बसून लिहिता येतं. मग तुम्ही उन्हातान्हात ३४ ठिकाणी कशाला गेलात?

आता तुमच्या सरांचा प्रश्न. प्रबंधात वाक्याला तीनच मालक असू शकतात. कागद, म्हणजे पुस्तक, दप्तर, वर्तमानपत्र, जनगणना. माणूस, म्हणजे तुम्हाला सांगणारी ती बाई. आणि तुम्ही. प्रत्येक वाक्याला यांतला एक मालक पाहिजे, आणि वाचणाऱ्याला तो ओळखू आला पाहिजे. 'सर्वश्रुत आहे', 'असे म्हटले जाते', 'नाकारता येणार नाही' ही सगळी बेवारस वाक्यं. नाकारतंय कोण? कोणी नाकारलं असेल तर त्याचं नाव, पुस्तक, पान द्या आणि त्याच्याशी वाद घाला. कोणीच नाकारलं नसेल तर वाक्य काढून टाका.

तुमच्या स्वतःच्या वाक्यांनाही प्रश्न का, याचं उत्तर बहुधा तळटिपांत आहे. आपल्याकडे लांबलचक परिच्छेद लिहून शेवटी एकच तळटीप टाकायची पद्धत आहे. त्या परिच्छेदात चार वाक्यं पुस्तकातली, एक मुलाखतीतलं आणि दोन तुमची असली, तर वाचणारा सातही वाक्यं त्या पुस्तकाच्या खात्यावर टाकतो. तुम्ही कष्टाने काढलेली गोष्ट अशी दुसऱ्याच्या नावावर जाते.

एक व्यायाम करा. प्रकरणाची छापील प्रत घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली. कागदाचं वाक्य हिरवं, बाईचं निळं, तुमचं तांबडं. ज्याला कुठलाच रंग देता येत नाही ते बेवारस. मी माझ्या विद्यार्थ्यांकडून हे करून घेत असे. पहिल्या प्रकरणात तांबडा रंग जवळपास नसतोच.

टिपकागद

जुनी_वही यांच्याशी पूर्ण सहमत, आणि एक भर. मी मुद्रितशोधन करतो. वर्षाला दहा-बारा प्रबंध तरी हाताखालून जातात.

बेवारस वाक्यांची मोठी खाण म्हणजे आपलं सरकारी मराठी. 'मुलाखती घेण्यात आल्या', 'असे आढळून आले', 'असे दिसून येते', 'निष्कर्ष काढण्यात आला'. अशा वाक्यात करणारा माणूसच गायब असतो. काही मार्गदर्शक 'मी' लिहू देत नाहीत, 'प्रस्तुत संशोधिका' लिहायला लावतात. त्यावर भांडू नका, जे म्हणतील ते वापरा, पण कर्ता ठेवा. 'प्रस्तुत संशोधिकेने ३४ मुलाखती घेतल्या' हे लांब आहे, तरी प्रामाणिक आहे.

दुसरं, तळटिपांतले 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच टिपेतलं पुस्तक') आणि 'उनि' (म्हणजे 'आधी उल्लेखलेलं पुस्तक'). कच्चा मसुदा लिहिताना हे दोन शब्द अजिबात वापरू नका. आज लिहिलेला परिच्छेद उद्या चार पानं मागे जातो, मध्ये नवी तळटीप येते आणि 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं. मी एका प्रबंधात लोकगीतांच्या ओळींखाली जनगणनेचं 'तत्रैव' पाहिलंय. मसुदा असेपर्यंत प्रत्येक टिपेत आडनाव, पुस्तकाचं छोटं नाव आणि पान क्रमांक पूर्ण लिहा. 'तत्रैव' करायचंच असेल तर बाइंडिंगला जाण्याच्या आदल्या आठवड्यात करा.

तिसरं, टंक. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच लिहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडच्या आधीच्या जुन्या टंकात टाइप करून शेवटी बदलून घेतलं की रफार एक घर सरकतो, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'ची दशा होते, आणि हे तीनशे पानांत शोधत बसावं लागतं. शिवाय त्या मजकुरात शब्द शोधता येत नाही. शोधता न येणारा प्रबंध 'शोधगंगा'वर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढूनही कोणाला सापडत नाही.

मिरगाचा_पाऊस

मला परिच्छेदातल्या एका शब्दावर अडायचं आहे, 'रोजगार हमी योजना'.

१९७२-७३ मध्ये लोक ज्या कामांवर गेले ती मुख्यतः टंचाई निवारणाची म्हणजे दुष्काळी कामं होती. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडली होती आणि सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात ती करूनही पाहिली होती. पण तिचा कायदा झाला १९७७ मध्ये आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. योजनेला पैसा उभा करायला व्यवसाय कर आला तो १९७५ चा. बाहत्तरच्या कामांना सरसकट 'रोहयोची कामे' म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. दुष्काळी काम ही सरकारने दिलेली मदत होती, हमी हा मागणाऱ्याचा हक्क. पहिल्यातून दुसरं कसं आलं हाच तर महाराष्ट्राच्या त्या काळाचा मोठा प्रश्न आहे.

परीक्षक इतिहासाचा असेल तर मौखिकीत पहिला प्रश्न इथेच येईल.

रानजाई

मिरगाचा_पाऊस, तुम्ही बरोबर आहात आणि मला हे माहीतही आहे. तरी लिहिताना तो शब्द गेला. का गेला ते आत्ता मुलाखतींच्या वह्या उघडल्यावर लक्षात आलं. बायका सगळ्यालाच 'हमी' म्हणतात. बाहत्तरचं काम असो की नंतर ऐंशीच्या पुढचं, 'हमीवर गेलो' एवढंच. तो शब्द त्यांच्या तोंडून माझ्या वहीत आला आणि वहीतून प्रबंधात, माझा म्हणून.

म्हणजे तिथे सरांनी विचारलेलं 'हे वाक्य कोणाचे?' याचं उत्तर, 'बाईचं'. मी ते माझं समजून बसले होते.

आता अडचण अशी की मुलाखतीतला उतारा देताना काय करू? 'हमी'च्या जागी 'दुष्काळी काम' घालू?

जुनी_वही

बिलकुल नाही. अवतरणात बाईचा शब्द बदलायचा नाही. तुमच्या वाक्यात तुम्ही 'दुष्काळी काम' लिहा आणि एकदा ठळकपणे नोंदवा की बोलणाऱ्या स्त्रिया दोन्ही काळांतल्या कामांना एकच शब्द वापरतात. ही नोंद तुमचा शोध आहे. सरकारच्या लेखी वेगळ्या असलेल्या दोन गोष्टी त्यांच्या आठवणीत एक झाल्या आहेत, हे वाक्य तांबड्या रंगाचं. गावात गेल्याशिवाय ते सापडलं नसतं.

कोरडवाहू

उताऱ्यांवरून विचारतो. माझाही प्रबंध मुलाखतींवर आहे, विषय ऊसतोड. माझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं की मुलाखती प्रमाण मराठीत लिहा, 'आमी', 'व्हतं', 'न्हाई' असलं काही प्रबंधात नको. मी दीडशे पानं शुद्ध करून टाकली. आता वाचताना वाटतं, ही माणसं असं बोललीच नव्हती.

टिपकागद

मुद्रितशोधक म्हणून मी प्रमाण लेखनाच्या बाजूचा माणूस आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १८ नियम मी रोज लावतो. पण हे नियम लिहिणाऱ्याच्या मराठीसाठी आहेत. पात्राच्या किंवा सांगणाऱ्याच्या तोंडचं बोलणं जसंच्या तसं ठेवायला त्यांची आडकाठी नाही. तुमचं निवेदन 'केले, गेले, होते' असं प्रमाण ठेवा, अवतरणातलं बोलणं बोलल्यासारखं. उलट दोन्ही एकाच भाषेत आलं तर कोण बोलतंय ते कळायचं कसं?

अबोली_

इथे मी थोडी वेगळ्या मताची आहे. उच्चारानुसार लिहिण्याचा अतिरेकही होतो. प्राध्यापकाची मुलाखत घेतली तर तोही बोलताना 'होतं' आणि 'होत' यांच्या मधलंच काहीतरी म्हणतो, पण त्याचं आपण व्यवस्थित शुद्ध करून लिहितो. मजूर बाईचं मात्र 'व्हतं', 'न्हवं' असं एकेक अक्षर मोडून लिहितो. वाचणाऱ्याला मग तिचं म्हणणं दिसायच्या आधी तिचं अडाणीपण दिसतं. मला ते अन्यायाचं वाटतं.

मी माझ्या प्रबंधात असं केलं: शब्द, वाक्याची ठेवण, म्हणी, सगळं तिचं ठेवलं. नुसत्या उच्चारासाठी अक्षरं मोडली नाहीत. आणि ही पद्धत सर्वांना सारखी लावली, ग्रामसेवकालाही आणि मजूर बाईलाही. पहिल्या प्रकरणात अर्धं पान त्यावर लिहिलं. मौखिकीत त्या अर्ध्या पानाबद्दल परीक्षक आवर्जून बोलले.

कोरडवाहू, मूळ ध्वनिफिती ठेवल्या आहेत ना? मग दीडशे पानं पुन्हा ऐकता येतील. खूप काम आहे, पण तुम्हालाच ते खुपतंय तर करून टाका.

कोरडवाहू

आहेत. दोन ठिकाणी साठवून ठेवल्यात. 'वाक्याची ठेवण तिची' हे पटलं. करतो.

पहिली_बाकडी

धाग्यात मध्येच घुसते, माफ करा. मी एम.ए.ला आहे, चौथ्या सत्राला संशोधन प्रकल्प आहे, साधारण ६० पानांचा. आमच्याकडे सगळ्यांना एकच भीती, ते वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर. मैत्रिणी म्हणतात दर तिसरा शब्द बदलला की टक्केवारी खाली येते. खरंच किती चालतं?

जुनी_वही

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. प्रबंधाला १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायला सांगतात, ४० ते ६० मध्ये वर्षभर प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळायची असतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं किंवा सर्वसाधारण माहितीचं साम्यही धरायचं नसतं.

पण टक्केवारीसाठी शब्द बदलत बसू नकोस. दर तिसरा शब्द बदललेलं वाक्य पहिल्या लेखकाचंही राहत नाही आणि तुझंही होत नाही. पुन्हा बेवारस. पान वाच, पुस्तक मिट, पाणी पिऊन ये आणि मग तुला काय कळलं ते मैत्रिणीला सांगितल्यासारखं लिही. त्यानंतर पुस्तक उघडून तथ्यं पडताळ आणि टीप दे.

अबोली_

एक गोष्ट सॉफ्टवेअर सहसा पकडत नाही, म्हणून इथे मोठ्याने सांगते. इंग्रजी लेखाचं मराठीत भाषांतर करून स्वतःचं म्हणून देणं. मराठी प्रबंधांत हे फार होतं. यंत्रात साम्य दोन टक्के येतं, आणि प्रकरण पूर्णच्या पूर्ण दुसऱ्याचं असतं. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका प्रकरणात 'पाण्याखालचा दुष्काळ' असा शब्दप्रयोग होता. दोन दिवस विचार करत होते हा काय प्रकार. मूळ लेखात भूजलाच्या टंचाईबद्दल होतं.

हल्ली लोक चॅटबॉटकडूनही संदर्भसूची करून घेतात. त्यात लेखक खरा, प्रकाशन खरं, पण त्या नावाचं पुस्तक कधी निघालेलंच नाही, अशा नोंदी मी पाहिल्यात. जे पुस्तक हातात घेतलं नाही, ज्याचं पान डोळ्यांनी पाहिलं नाही, ते सूचीत नको. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं अवतरण असेल तर तसं लिहावं, 'अमुक यांनी उद्धृत केलेले'. त्यात काही कमीपणा नाही.

पहिली_बाकडी

पाणी पिऊन येण्याचा उपाय आजच करून पाहिला. एक पान व्हायला दीड तास गेला, पण ते पान मला समजलंय.

पाणपोई

सगळ्यात जास्त त्रास पहिल्या प्रकरणाचाच होतो असं मला वाटतं. 'दुष्काळ म्हणजे काय', मग दहा विचारवंतांच्या दहा व्याख्या, मग 'वरील व्याख्यांवरून असे स्पष्ट होते की'. माझ्या भावाच्या प्रबंधात बारा व्याख्या होत्या, आणि पुढच्या दोनशे पानांत एकीचाही उपयोग केलेला नव्हता.

जुनी_वही

खरं आहे. व्याख्या दहा नकोत, एक हवी, आणि ती पुढे वापरायची असेल तरच. तीच गोष्ट गृहीतकांची. आपल्याकडे 'गृहीतक' शब्दाचा मोठा घोळ आहे. जे आधीच धरून चालायचं त्यालाही गृहीतक आणि जे तपासायचं त्यालाही गृहीतक. शिक्षणशास्त्रातले लोक दुसऱ्याला परिकल्पना म्हणतात, ते बरं. तुमच्या विषयाच्या परिभाषा कोशात कोणता शब्द आहे तो बघा, भाषा संचालनालयाचे कोश आता संकेतस्थळावरही शोधता येतात. शब्द एकदा पक्का करा आणि बदलू नका.

आणि पहिलं प्रकरण शेवटी लिहा. सिनॉप्सिससाठी काहीतरी लिहावं लागतंच, ते ठेवा बाजूला. जिथे तुमच्या हातात सगळ्यात जास्त माल आहे त्या प्रकरणापासून सुरुवात करा. रानजाई, तुमचं मुलाखतींचं प्रकरण कुठलं?

रानजाई

चौथं. आणि मी क्रमाने चालले होते म्हणून दोन वर्षं त्याला हातच लावलेला नाही.

वेळेचीही काळजी आहे. नोंदणीला चौथं वर्ष लागलं. महाविद्यालयातून घरी यायला सहा वाजतात, मग मुलगी, स्वयंपाक. रात्री साडेदहाला बसते तेव्हा डोळे मिटत असतात.

अबोली_

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.साठीच्या २०२२ च्या विनियमांनुसार सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत देता येते. म्हणजे घाबरण्यासारखं नाही. पण तेवढी वाट बघूही नका.

मीही नोकरी करूनच लिहिलं. रात्री लिहिणं मला कधी जमलं नाही. पहाटे पावणेपाच ते सव्वासहा, रोज. रात्री झोपताना एका चिठ्ठीवर उद्याचं पहिलं वाक्य लिहून ठेवायचे, म्हणजे सकाळी कोऱ्या पडद्यासमोर बसायला लागायचं नाही. काही दिवस पाच ओळी झाल्या, काही दिवस तीन पानं. लिहायचं थांबवताना मुद्दाम वाक्य अर्धं सोडायचे.

आणि लिहिलेलं मोठ्याने वाचा. घरात कोणी ऐकणारं असेल तर त्यांना वाचून दाखवा.

मिरगाचा_पाऊस

सरांनी पुन्हा लिहायला लावलं म्हणून खचू नका. बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला १९२२ मध्ये दिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधसुद्धा फेरलेखनासाठी परत आला होता. मुंबईत परतल्यावर त्यांनी तो सुधारून पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

रानजाई

बारा दिवसांनी परत येते आहे. पेन्सिलींचा व्यायाम पूर्ण प्रकरणावर केला. ४२ पानांत तांबडं फक्त एकोणीस वाक्यं निघाली. बेवारस इतकी की मोजायचं सोडलं. पहिले दोन दिवस फार वाईट गेले, खरं सांगते. मग चौथं प्रकरण उघडलं.

आजीला वाचून दाखवायचं ठरवलं. जुना परिच्छेद वाचला तेव्हा ती ऐकत होती, पण तिकडे भाजीही निवडत होती. काही बोलली नाही. काल नवा वाचला. मध्येच थांबवून म्हणाली, 'पाणी आमच्या संगं नव्हतं, मुकादमाच्या टाकीचं होतं, ते लिही.' म्हणजे चूक काढली. मला इतका आनंद झाला! चूक काढण्याइतकं तिला ते आपलं वाटलं. दुरुस्ती करून इथे देते, पुन्हा तेवढंच स्पष्ट सांगा:

'मुलाखत दिलेल्या स्त्रिया १९७२-७३ ची दुष्काळी कामे आणि नंतरची रोजगार हमीची कामे या दोहोंना "हमी" हा एकच शब्द वापरतात. या प्रकरणात अवतरणांत तो शब्द तसाच ठेवला आहे. विवेचनात मात्र १९७२-७३ साठी मी "दुष्काळी काम" असे लिहिले आहे. कामाबद्दल विचारल्यावर बहुतेक स्त्रिया मजुरीच्या दराने सुरुवात करत नाहीत. त्या घरापासून कामापर्यंतचे अंतर, पाण्याची टाकी आणि तान्हे मूल कोणाजवळ ठेवले, हे आधी सांगतात. "मूल दगडाच्या सावलीला निजवलं, सावली हटली की उठून मूल हटवायचं, तवर मुकादम खाडा धरायचा," असे एका स्त्रीने सांगितले (मुलाखत ११). सरकारी कागद काम किलोमीटर, घनमीटर आणि रुपयांत मोजतात. या स्त्रियांची मोजणी वेगळी आहे, आणि प्रस्तुत प्रकरण तिच्या आधाराने रचले आहे.'

जुनी_वही

हे प्रकरण मी शेवटपर्यंत वाचेन. प्रत्येक वाक्याचा मालक दिसतो. 'मी' आणि 'प्रस्तुत' दोन्ही आहेत, तेवढं एक ठरवा. 'बहुतेक स्त्रिया' म्हणजे ३४ पैकी किती, तो आकडा तुमच्या वहीत आहे, तो घाला. आणि 'सरकारी कागद' म्हणजे कोणते? हजेरीपट पाहिलेत की विधानसभेची कार्यवाही? ते वाक्य अजून थोडं बेवारस आहे.

टिपकागद

अवतरणातलं 'तवर' ठेवा. शेवटच्या वाक्यातला 'तिच्या' लगेच 'मोजणी'कडे जात नाही, वाचणारा क्षणभर एखादी स्त्री शोधतो. 'त्या मोजणीच्या आधाराने' करा.

रानजाई

आकडा मोजला, ३४ पैकी २६. कागद म्हणजे आत्तापर्यंत फक्त कार्यवाही आणि त्या वर्षांचा दैनिक 'मराठवाडा'. हजेरीपट पाहिलेले नाहीत, तर मग तसंच लिहिते. 'मी' ठेवायचं की नाही ते सरांना विचारते. सोमवारी चौथं प्रकरण घेऊन जाते आहे, पहिलं नंतर.

आजीचं पाण्याचं वाक्य तिच्या मुलाखतीत नव्हतं, ते काल बोलली. तारीख घालून नवी नोंद केली आहे, मुलाखत १, दुसरी भेट.